शाळेत केलेल्या वेल्डिंगचं क्रेडिट टेक्निकल कॉलेजात धरतात का? (विस्कॉन्सिन)

हिमगौरी

नमस्कार मंडळी. वाचनमात्र बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये एका लहान गावात राहतो. थोरला यंदा बारावीत. नववीत त्याने हौस म्हणून शाळेत मेटल्सचा तास घेतला. दहावीत वेल्डिंग, अकरावीत त्याच्या पुढचं वेल्डिंग. आता घरात जाहीर झालंय की चार वर्षांच्या कॉलेजला जाणार नाही, टेक्निकल कॉलेजात वेल्डिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा करणार. त्यावरून घरात जे व्हायचं ते होऊन गेलं. तो विषय इथे नको. (तरी तुम्ही काढणारच, माहितीये.)

माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. शाळेतले समुपदेशक गेली दोन वर्षं म्हणतायत, "या वर्गांचं कॉलेज क्रेडिट मिळतं." गुणपत्रिकेवर तिन्ही वर्गांपुढे छोटी चांदणी छापलेली आहे, आणि खाली बारीक अक्षरात 'कॉलेज क्रेडिटला पात्र'. आम्ही धरून चाललो की तीन कोर्स आधीच झाले, तेवढी फी वाचली, तेवढा वेळ वाचला. मागच्या आठवड्यात कॉलेजात गेलो तर खिडकीतल्या बाईंनी पडद्यावर बघून सांगितलं, "एकच कोर्स दिसतोय, २ क्रेडिटचा." बाकीच्यांचं शाळेकडून पत्र आणा, मग बघू. शाळा म्हणते पाठवलंय. कॉलेज म्हणतं आलेलं नाही. मी मध्ये टपाल्यासारखी फिरतेय.

चांदणी तीच, शाळा तीच, मास्तर तेच. मग एक धरलं आणि दोन नाहीत, असं का? या वाटेने कुणी गेलंय का?

खटपट्या

ताई, गुणपत्रिकेवरच्या चांदण्या बघून अंथरूण घालू नका एवढंच सांगतो. :) बाकी जाणकार येतीलच. मी खुर्ची टाकून बसलो.

शेवगा

मी एका टेक्निकल कॉलेजात रेकॉर्डच्या खात्यात काम करते. कुठल्या ते विचारू नका. तुमची गोष्ट दर ऑगस्टला आमच्या खिडकीवर येते, आई बदलते फक्त.

झालंय असं की 'कॉलेज क्रेडिट' या एका नावाखाली विस्कॉन्सिनमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी चालतात. एकाला म्हणतात ट्रान्स्क्रिप्टेड क्रेडिट. यात शाळेतला तो वर्ग म्हणजे कॉलेजचाच कोर्स असतो. अभ्यासक्रम कॉलेजचा, मास्तरांना कॉलेजने मान्यता दिलेली, आणि मुलगा शाळेत बसलेला असतानाच कॉलेजात त्याची विद्यार्थी म्हणून नोंदणी झालेली. वर्ष संपलं की ग्रेड कॉलेजच्या दप्तरी पडते. कुणी पत्र आणायचं नाही, कुणी बघू म्हणायचं नाही. बाईंना पडद्यावर दिसला तो हा कोर्स.

दुसरं, ॲडव्हान्स्ड स्टँडिंग. हा वायदा आहे. शाळा आणि कॉलेज यांच्यात करार असतो की अमुक वर्ग अमुक ग्रेडने केला तर आमच्याकडे आल्यावर आम्ही तमुक कोर्स झाला असं धरू. आल्यावर! म्हणजे आधी प्रवेश घ्या, तोही त्या कराराला लागू असलेल्या डिप्लोमाला, मुदतीत या, आणि मागा. मागितलं नाही तर कुणी घरी आणून देत नाही. शाळा दोन्हींना एकच चांदणी लावते, कारण शाळेच्या दृष्टीने दोन्ही 'पात्र'च. 'पात्र' आणि 'मिळालं' यांत किती अंतर आहे ते तुम्ही आत्ता चालून बघताय.

तेव्हा पहिलं काम: शाळेकडे 'क्रेडिट मिळेल का' असं विचारू नका. तिन्ही वर्गांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर ट्रान्स्क्रिप्टेड की ॲडव्हान्स्ड स्टँडिंग ते ईमेलवर लिहून मागा. कराराची प्रतही मागा. साधारण एक पानाचा कागद असतो, त्यात किमान ग्रेड आणि मुदत दिलेली असते. तोंडी काही ऐकून घेऊ नका.

हिमगौरी

शेवगा, दोन वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून धन्यवाद. उद्याच ईमेल टाकते.

शेवगा

अजून एक, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ट्रान्स्क्रिप्टेडमधली ग्रेड कायमची असते. पंधरा-सोळाव्या वर्षी टंगळमंगळ करून 'डी' पडली तर तीही कॉलेजच्या दप्तरी कायम. पुढे आर्थिक मदत मागताना तुमची प्रगती समाधानकारक आहे का ते बघतात, त्यात ती मोजली जाऊ शकते. म्हणून धाकटा कुणी असेल तर वर्ग घेण्याआधीच विचारून ठेवा.

बाराखडी

धागाकर्तीने नको म्हटलंय तरी लिहितो, राग नसावा. आपण इथे कशासाठी आलो? आईबापांनी जमिनी विकून शिकवलं, आणि पुढची पिढी पुन्हा भट्टीपुढे? आमच्या वेळी "अभ्यास केला नाहीस तर आयटीआयला घालीन" ही धमकी होती. आता तेच ध्येय म्हणून सांगायचं?

रानमोडी

@बाराखडी, ती धमकी देणाऱ्यांच्याच घराचं ग्रिल, गच्चीवरचा टाकीचा स्टँड आणि गॅलरीचा कठडा त्या आयटीआयवाल्याने करून दिला. त्यावर रेलून संध्याकाळचा चहा झाला. असो.

बाराखडी

ते मान्य. पण प्रश्न पैशाचाही आहे.

खटपट्या

पैशाचंच बघायचं तर अमेरिकन कामगार खात्याच्या आकड्यांत मे २०२३ मध्ये वेल्डरची मध्यम वार्षिक कमाई ४८,९४० डॉलर होती. श्रीमंती म्हणणार नाही. पण एक वर्षाचं शिक्षण, कर्ज जवळपास शून्य. पाइपवाले, जहाजवाले, फिरतीवर जाणारे त्याच्या बरेच वर असतात, आणि गावातल्या छोट्या शेडमध्ये ट्रेलर जोडणारे खाली. सरासरी बघून मुलाचं आयुष्य ठरवू नये, दोन्ही बाजूंनी.

आता विषयावर येऊ या का?

भीमथडी

टेक्सासमधून लिहितोय. इथे याच दोन प्रकारांना ड्युअल क्रेडिट आणि आर्टिक्युलेटेड क्रेडिट म्हणतात. नावं वेगळी, खोडी तीच. ओहायोत राज्यानेच काही तांत्रिक कोर्सांची यादी ठरवून दिली आहे, करिअर-टेक्निकल ॲश्युरन्स गाइड म्हणतात, बोलताना सीटॅग. शाळेतला वर्ग त्या यादीत बसला तर राज्यातल्या सरकारी कॉलेजांना क्रेडिट धरावं लागतं. शाळेमागे एक करार अशी भानगड नाही. म्हणून 'अमेरिकेत असं असतं' असं कुणी म्हणालं की मी आधी राज्य विचारतो.

पण माझा मुद्दा खासगी ट्रेड स्कूलबद्दल आहे. माझ्या मेहुण्याच्या मुलाने हायस्कूलमध्ये दोन वर्षं वेल्डिंग केलं आणि मग टीव्हीवर जाहिरात येते तशा एका खासगी शाळेत गेला (नाव नको). तिथे क्रेडिट हा प्रकारच नाही, सगळा हिशेब घड्याळी तासांचा. इतके तास भरले की प्रमाणपत्र. हायस्कूलचं काही धरलं नाही, सगळ्यांना एकाच रांगेत पहिल्यापासून. पोरगा तीन आठवडे गॅस कटिंग शिकत होता, जे त्याने शाळेत वर्षभर केलं होतं. तेही पैसे भरून! तो म्हणाला, "मामा, टॉर्च पेटवायला मीच बाकीच्यांना शिकवत होतो."

आणि तिथून बाहेर पडल्यावर ते तास कम्युनिटी कॉलेजात क्रेडिट म्हणून चालवायला गेला तर तिथेही नकारघंटा. मुलगा आज चांगला कमावतो, तक्रार नाही. पण हिमगौरीताई, तुमचं कॉलेज सरकारी आहे ही अर्धी लढाई जिंकल्यासारखीच आहे.

रानमोडी

विस्कॉन्सिनचं एक आहे, हे सगळं त्यांच्याकडे जुनं आहे. १९११ साली त्या राज्याने व्यवसाय शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा केंद्र सरकारचा पैसा यायचा होता. तो आला १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने. आज तिथे १६ टेक्निकल कॉलेजं आहेत. आणि 'व्होकेशनल' शब्दाला एवढा वास चिकटला की २००६ मध्ये केंद्राच्या व्यवसाय शिक्षणाच्या पर्किन्स कायद्यात तो काढून 'करिअर अँड टेक्निकल' घातला. थोडक्यात, बाराखडींसारखी माणसं तिकडेही आहेत.

बाराखडी

:) घ्या.

निदेशक_नाना

उशिरा आलो. मी शासकीय आयटीआयमधून शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो, ट्रेड वेल्डर. हयात ठिणग्यांत गेली, त्यामुळे या धाग्यावर न लिहिणं जमणार नाही.

आपल्याकडे या बाबतीत गंगा उलटी वाहते. तिकडे शाळेचं काम ट्रेडला धरतात, इकडे ट्रेडचं काम शाळेला. दहावी-बारावीच्या अर्जांची बोर्डाची सूचना निघते ना, त्यात नियमित, पुनर्परीक्षार्थी, खाजगी, श्रेणीसुधार अशी यादी असते, आणि शेवटी 'आयटीआयचे विषय घेऊन प्रविष्ट होणारे, ट्रान्स्फर ऑफ क्रेडिट'. वर्तमानपत्रात ती ओळ तुम्ही शंभरदा वाचली असेल, अर्थ माहीत नसेल. पोरगा भाषेचे विषय बोर्डाकडून देतो आणि ट्रेडचं त्याला जोडून घेतो. माझ्या हाताखालचे कितीतरी त्या वाटेने गेले.

पण वेल्डरची एक पंचाईत आहे. पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जायचं तर दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय लागतो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट दोन वर्षांचे, ते जातात. वेल्डर एक वर्षाचा. ज्याचा हात सगळ्यात चांगला तोच दाराबाहेर. आता २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांना १ श्रेयांक आणि वर्षाच्या १२०० तासांना ४० श्रेयांक असा हिशेब ठरलाय, शाळेलाही तोच आणि आयटीआयलाही तोच. कागदावर छान आहे. पोरांपर्यंत पोचलं की बोलू.

ताई, तुमचा मुलगा शाळेत काय काय करतो ते सांगाल? कुठला रॉड, कुठली पोझिशन? त्यावरून मला कळेल तो कुठे उभा आहे ते.

हिमगौरी

नाना, त्यालाच विचारून लिहिते. मी विचारल्यावर त्याने आधी डोळे मोठे केले आणि मग अर्धा तास बोलला. चार वर्षांत माझ्याशी एवढा बोलला नव्हता.

नववीत गॅस कटिंग आणि मिग (तार आपोआप पुढे येते ते वेल्डिंग). दहावीत स्टिक म्हणजे रॉडचं वेल्डिंग, सपाट आणि आडवं, आधी ६०१३ नंबरचा रॉड आणि मग ७०१८. अकरावीत उभं, खालून वर. थोडं टिग (टंगस्टनच्या टोकाने करतात ते), पण "टिगला आमच्याकडे एकच बूथ, त्यात सगळ्यांची रांग." ग्रेड: नववी ए, दहावी बी प्लस, अकरावी बी मायनस.

बी मायनस का, म्हणून विचारलं. वेल्डला ए होता म्हणे. लेखीत गेला. ड्रॉइंगवरची चिन्हं वाचायची चाचणी होती, त्यात बाणाच्या अलीकडची आणि पलीकडची बाजू उलटी लिहिली, सगळ्या प्रश्नांत.

निदेशक_नाना

हाहाहा! सगळ्या प्रश्नांत उलटी म्हणजे नियम पाठ आहे, दिशा चुकली. चिन्हातल्या आडव्या रेघेखाली त्रिकोण असेल तर बाणाच्या बाजूला जोड, रेघेच्या वर असेल तर पलीकडे. त्याला सांगा, नाना म्हणतात "खालचं जवळचं". आमची पोरं असंच लक्षात ठेवायची.

ही चूक लहान समजू नका मात्र. कारखान्यात जोड चुकीच्या बाजूला पडला तर तो ग्राइंडरने खाऊन काढायला दुप्पट वेळ जातो, आणि सुपरवायझर शेजारी उभा राहून बघत असतो.

६०१३ वरून ७०१८ वर आला म्हणजे मास्तर बरे आहेत. ६०१३ हा गरिबाचा रॉड, कुठेही पेटतो, काहीही माफ करतो. ७०१८ ला ओल चालत नाही, पाकीट फोडलं की गरम पेटीत ठेवावा लागतो, नाहीतर जोडात हायड्रोजन जातो आणि पुढे तडा. आकड्याचा अर्थ त्याला माहीत असेलच. ७० म्हणजे दर चौरस इंचाला ७० हजार पौंडांची ताकद, पुढचा १ म्हणजे सगळ्या पोझिशन. अकरावीत उभा, खालून वर ७०१८ मारतो म्हणजे पोरगा कामाचा आहे. तिथे धातूचा थेंब खाली ओघळायला टपलेला असतो, त्याला कडेला क्षणभर धरून मध्ये पटकन नेायचा असतो. हे कुणाला सांगून येत नाही.

(टंकनदोष: न्यायचा. चष्मा शोधतोय.)

शेवगा

बी मायनस! ताई, कुलूप बहुतेक इथेच लागलंय. बऱ्याच करारांत किमान बी लागते. बी मायनस म्हणजे बी नव्हे, आमच्या संगणकाला दयामाया नाही.

हिमगौरी

शाळेचं उत्तर आलं. शेवगा, तुम्ही ज्योतिषी आहात.

दहावीचा वर्ग ट्रान्स्क्रिप्टेड, तोच दिसतोय. नववीचा आणि अकरावीचा ॲडव्हान्स्ड स्टँडिंग. दोन्हींना किमान बी. नववीचं पत्र शाळेने पाठवलं होतं, पण मुलाने प्रवेश अर्ज भरायच्या आधी, म्हणून कॉलेजात ते कुणाच्या फायलीला लागलंच नाही! पुन्हा पाठवतायत. अकरावीचं बी मायनसमुळे गेलं. ४ क्रेडिटचा कोर्स. क्रेडिटमागे दीडशे डॉलरच्या आसपास फी, वर साहित्याचा खर्च, आणि मुख्य म्हणजे जे येतं तेच पुन्हा अख्खं सत्र.

मुलगा म्हणतो, "जाऊ दे, पुन्हा करतो." नवरा म्हणतो, "बघ, मी म्हणालो होतो." काय म्हणाला होता ते मात्र त्याला आठवत नाही.

भीमथडी

'मी म्हणालो होतो' ला किती क्रेडिट मिळतात?

शेवगा

गेलं म्हणून सोडू नका. अजून एक दार आहे. 'आधीच्या शिकण्याचं क्रेडिट' असा अर्ज बहुतेक टेक्निकल कॉलेजांत असतो. लष्करातून आलेले, शेडमध्ये दहा वर्षं काम केलेले लोक तो भरतात. हायस्कूलमधून आलेली मुलं भरत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगत नाही. थोडी फी भरून परीक्षा द्यायची. वेल्डिंगला ती हाताची असते. समोर लोखंडी पाटी, म्हणजे प्लेट, ठेवतात, जोडून दाखव म्हणतात. जोड पास झाला की कोर्स झाला. शाळेतली ग्रेड तिथे कुणी विचारत नाही.

थेट वेल्डिंग विभागाच्या प्रमुखांना लिहा, प्रवेश खिडकीला नको. आणि सत्र सुरू व्हायच्या आधी. एकदा त्या कोर्सला नाव घातलं की बऱ्याच ठिकाणी परीक्षा देता येत नाही.

वास्कोकर

मी गोव्यात जहाजबांधणीत वेल्डिंग तपासणीला आहे. इतका वेळ वाचत होतो, आता 'हाताची परीक्षा' आली म्हणून लिहितो.

आमच्या यार्डात माणूस आला की त्याचं प्रमाणपत्र बघतो, झेरॉक्स फायलीला लावतो, आणि मग त्याला बूथमध्ये पाठवतो. आयटीआय असो, आखातातून आलेला असो, बापाकडे शिकलेला असो. अमेरिकेतही नोकरीच्या दारात हेच होतं. तिथला इमारतींच्या स्टीलचा नियम एडब्ल्यूएस (अमेरिकन वेल्डिंग सोसायटी) डी१.१. त्यात साधारण प्रचलित चाचणी म्हणजे ३/८ इंची पाटी, साडेनऊ मिलिमीटर धरा, उभ्या पोझिशनमध्ये जोडायची, ३जी म्हणतात. डोक्यावरची ४जी. जोडून झाल्यावर पाटीतून पट्ट्या कापतात, वरचा फुगवटा घासून सपाट करतात आणि दाबयंत्रात घालून इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवतात. एक पट्टी जोडाचं तोंड बाहेर ठेवून, दुसरी मूळ (रूट) बाहेर ठेवून. ताणलेल्या बाजूवर ३ मिलिमीटरपेक्षा मोठी चीर उघडली की नापास.

३/८ वर पास झालेल्याला पाऊण इंच जाडीपर्यंत काम करता येतं. जाडीची मर्यादा नको असेल तर १ इंची पाटीवर परीक्षा द्यावी लागते. आणि पास झाला तरी सहा-सहा महिन्यांनी मालकाने लिहून द्यावं लागतं की हा ते काम करतोय, नाहीतर प्रमाणपत्राची मुदत जाते. मला हे फार आवडतं. डॉक्टर-इंजिनियरला कुणी दर सहा महिन्यांनी विचारतं का, अजून येतं ना?

मुलाला एकच सूचना. परीक्षेला पहिला थर, रूट, घालून झाला की घाई करू नये. स्लॅग, म्हणजे जोडावर साचणारं काचेसारखं कवच, पुरती काढावी, ब्रशने, कोपऱ्यात टोकाने. आत राहिलेली स्लॅग वरून दिसत नाही, वाकवल्यावरच तोंड उघडते.

निदेशक_नाना

वास्कोकर, बरोबर बोललात. आणि सुरुवात-शेवट पाटीच्या कडेबाहेर, जोडपट्टीवर घ्यावी. चिरा तिथूनच सुरू होतात.

रानमोडी

नाना, लहान प्रश्न. माझे काका वर्कशॉपमधून आले की गूळ खायचे आणि दूध प्यायचे, धूर उतरतो म्हणून. खरं असतं का ते?

निदेशक_नाना

आम्हीही खाल्लाय. गुळाने गोड लागतं, बाकी काही होत नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर वेल्डिंग मारलं की रात्री थंडी-ताप भरतो, सकाळी उतरतो, आणि माणसाला वाटतं गुळाने उतरला. खरा उपाय म्हणजे मुलामा आधी घासून काढणे आणि धूर ओढणारं धुराडं तोंडाजवळ असणे. ताई, मुलाच्या कॉलेजात बूथवर ओढणारा पाइप आहे का, हे क्रेडिटच्या आधी बघा. आणि हेल्मेटची काच १० किंवा ११ नंबरची. आमच्या काळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं व्हायचं, रात्रभर काकडीचे काप ठेवून पडायचो. तो गुळाचाच भाऊ.

बाराखडी

एक प्रामाणिक प्रश्न. डिप्लोमा झाल्यावर युनियनच्या अप्रेंटिसशिपला जायचं असेल तर हे क्रेडिट उपयोगी पडतं का? माझ्या ओळखीत एक मुलगा पाइपफिटरला लागला, तो पाच वर्षं म्हणतो.

खटपट्या

अरे वा, बाराखडी चौकशी करायला लागले! पाइपफिटरची पाच वर्षंच. पाच वर्षं पगार घेत शिकायचं, बघा. तिथे आधीच्या शिक्षणाची काही सूट मिळते का, ते त्या त्या स्थानिक शाखेच्या समितीवर असतं. मिळाली तर सहसा थोडे तास किंवा पगाराची वरची पायरी. पण तिथेही बूथमध्ये उभं करतातच.

विस्कॉन्सिनमध्ये तर शाळेत असतानाच यूथ अप्रेंटिसशिप, म्हणजे शाळेबरोबर पगारी कामावर शिकणं, असते, १९९१ पासून. ताई, बारावीचं अर्धं वर्ष आहे अजून, विचारा.

बाराखडी

माझा धाकटा दहावीत आहे. सहज विचारलं.

रानमोडी

सहजच विचारतात सगळे. :)

हिमगौरी (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढते, निकाल सांगायचाय.

नववीचं पत्र फायलीला लागलं, ते क्रेडिट धरलं. यूथ अप्रेंटिसशिपची मुदत यंदासाठी गेली. वेल्डिंग विभागाच्या प्रमुखांना लिहिलं, त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं: शनिवारी सकाळी आठला ये, बूट आणि हातमोजे तुझे, रॉड आमचे. ईमेल लेकाने स्वतः लिहिला. मी फक्त 'बी मायनस' हा शब्द काढायला सांगितला, त्याने ठेवला.

मला आत जाऊ दिलं नाही. दरवाजाला चौकोनी काच होती, त्यावर हिरवट पडदा. त्यातून दर थोड्या वेळाने निळा उजेड हलायचा, मग बराच वेळ काही नाही, फक्त हातोडीची टकटक. वास्कोकर, ती टकटक ऐकून मला तुमची स्लॅग आठवली आणि बरं वाटलं. सासरे भोसरीला टूलरूममध्ये होते, ते पुण्याहून फोनवर विचारत होते, "आवाज कसा येतोय?" म्हटलं दारातून काय ऐकू येणार. तर म्हणाले, "तडतड एकसारखी असेल तर बोलू नकोस, ऐकत बस."

साडेअकराला बाहेर आला. टी-शर्टला चार नवी भोकं. खिशातून वाकवलेल्या दोन पट्ट्या काढून माझ्या हातात दिल्या, अजून कोमट. घोड्याच्या नालेसारख्या. बाहेरची बाजू घासून चकचकीत. मी बोट फिरवलं तर जोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते मला सापडेना. त्याने नखाने दाखवलं, तिथे रंग किंचित वेगळा होता, तेवढंच.

४ क्रेडिट मिळाले. परीक्षेची फी कोर्सच्या फीच्या मानाने किरकोळ होती. ड्रॉइंग वाचायचा कोर्स मात्र पूर्ण करायचाय, त्यात सूट नाही. "खालचं जवळचं" त्याने हेल्मेटच्या आतल्या बाजूला मराठीत लिहिलंय. त्याचं मराठी अक्षर दुसरीत होतं तिथेच थांबलंय, 'जवळचं' मधला ळ उलटा आहे.

शेवगा

अभिनंदन! ताई, ऑगस्टमध्ये एकदा स्वतः जाऊन त्याचं कॉलेजचं गुणपत्रक छापून घ्या आणि तिन्ही कोर्स त्यावर आहेत ते डोळ्यांनी बघा. मी तिथे बसते म्हणून सांगतेय.

वास्कोकर

मस्त! ळ उलटा चालेल, बाण उलटा नको.

निदेशक_नाना

शाब्बास पोरा. ताई, मूळ बाहेर ठेवून वाकवलेली पट्टी कोणती ते विचारा, आणि तिच्या कडेला बारीक छिद्र आहे का ते बघा. पास तर झालाच आहे, पण मला बघायचंय रूटला तो थांबला की धावला. फोटो टाकता आला तर टाका.

हिमगौरी

एकीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी आहे खरं. तीच का ते त्याला विचारून सांगते. आत्ता झोपलाय, उद्या पहाटे साडेपाचला उठायचंय. गावातल्या एका शेडने शनिवार-रविवार ग्राइंडिंगला बोलावलंय. वेल्डिंगला अजून हात लावू देत नाहीत म्हणाला.

निदेशक_नाना

बरोबर आहे त्यांचं. आधी वर्षभर घासू दे.